सही आधी की श्वास? तातडीच्या आणि ट्रॉमा विभागातले नैतिक निर्णय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नवे निवासी डॉक्टर, सिस्टर, ॲम्ब्युलन्सवर काम करणारे आणि बाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक नेहमी विचारतात. उत्तरं देताना माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो. माहिती अर्धवट असताना जो निर्णय नंतर मागे घेता येईल तो आधी घ्यावा, आणि पूर्ण माहिती हाती आली की तो खरोखर मागे घ्यायची तयारी ठेवावी. यातला पहिला भाग बहुतेकांना पटतो. दुसऱ्या भागापाशी आपण अडखळतो.

तातडीच्या विभागातली नैतिकता इतर वैद्यकापेक्षा वेगळी असते का?

तत्त्वं तीच असतात. पेशंटचं भलं करायचं, त्याला अपाय करायचा नाही, त्याच्या इच्छेचा मान राखायचा आणि सगळ्यांशी सारख्या न्यायाने वागायचं. परिस्थिती मात्र पार वेगळी असते. ओपीडीत पेशंट स्वतःच्या पायांनी येतो, रिपोर्ट सोबत आणतो, आणि विचार करायला दोघांनाही आठवडा मिळतो. इथे स्ट्रेचरवरून अनोळखी माणूस येतो. त्याचं नाव, जुने आजार, घरचे, त्याला काय हवं होतं, यातलं काहीच माहीत नसतं. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच कायमची इजा व्हायला लागते. त्यामुळे विचार करत उभं राहणं हाही इथे एक निर्णयच असतो, आणि त्याचे परिणाम पेशंट भोगतो.

म्हणूनच यातले बरेच निर्णय पेशंट दारात येण्याआधी झालेले असावे लागतात. टीमचं नेतृत्व कोण करणार, दुसऱ्या सर्जनला कधी बोलवायचं, एकदम दहा जखमी आले तर दारात कोण उभं राहणार, हे शांत वेळी ठरलेलं नसेल तर गर्दीत जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं.

बेशुद्ध माणसावर संमतीशिवाय उपचार करता येतात का?

हो. जीव किंवा अवयव वाचवण्यासाठी जे तातडीचं आहे ते करता येतं आणि केलंच पाहिजे. यामागचं गृहीतक असं की शुद्धीत असता तर कुठल्याही सामान्य माणसाने या उपचाराला होकारच दिला असता. मात्र हे गृहीतक किती ताणायचं त्याला मर्यादा आहे. जे थांबू शकत नाही तेवढ्यापुरतंच ते लागू होतं. फुटलेल्या प्लीहेतून रक्त वाहतंय म्हणून पोट उघडलं आणि आत बीजांडकोशावर एक गाठ दिसली, तर रक्तस्राव थांबवायचा, गाठीची नोंद करायची आणि पोट बंद करायचं. ‘आत गेलोच आहोत तर काढून टाकू’ म्हणायचा हक्क आपल्याला नाही. ती गाठ चार दिवस थांबू शकते आणि चार दिवसांनी पेशंट स्वतः बोलू शकेल.

दुसरी मर्यादा म्हणजे, त्या माणसाने आधीच स्पष्ट नकार देऊन ठेवल्याचं आपल्याला ठाऊक असेल, तर हे गृहीतक तिथेच संपतं.

नातेवाईकांची सही मिळेपर्यंत थांबायचं का?

जीवावर बेतलं असेल तर नाही. फॉर्मवरची सही हा संमतीचा पुरावा असतो, संमती नव्हे. समजावून न सांगता घेतलेली सही नैतिकदृष्ट्या कोरीच असते. आणि कुणी भेटलंच नाही म्हणून सहीवाचून केलेला जीवरक्षक उपचार योग्यच असतो. का केला, किती वाजता केला, घरच्यांशी संपर्काचा काय प्रयत्न केला, हे केसपेपरवर लिहावं आणि जमल्यास दुसऱ्या डॉक्टरचं मत नोंदवावं.

नातेवाईक भेटले की त्यांना काय विचारायचं याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. ‘आम्ही काय करू, तुम्ही सांगा’ असा प्रश्न टाकला की साऱ्या जन्माचं ओझं त्या मुलाच्या खांद्यावर येतं. त्याऐवजी ‘तुमचे वडील आत्ता आपलं बोलणं ऐकू शकले असते तर त्यांनी काय म्हटलं असतं?’ असं विचारावं. त्यांना साक्षीदार म्हणून बोलवावं. फासावर चढवणारा किंवा सोडवणारा न्यायाधीश करू नये.

पेशंट शुद्धीत आहे आणि ‘मला घरी जायचंय, काही करू नका’ म्हणतोय. तेव्हा?

हा रोजचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून पाहू. आधी हे तपासायचं की त्याच्यात हा निर्णय घेण्याची क्षमता आत्ता आहे का. त्याला माहिती समजते का, ती त्याच्या लक्षात राहते का, फायदा-तोटा तोलता येतो का, आणि आपलं मत तो सांगू शकतो का? निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो म्हणून क्षमता नाही असं ठरत नाही. तोंडाला दारूचा वास येतो एवढ्यावरूनही ठरत नाही.

दुचाकीवरून पडलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. कपाळावर जखम, एकदा उलटी झालेली, दारू प्यायलेला. डॉक्टर म्हणतात, “मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.” तो म्हणतो, “डोक्याचा फोटो काढायचाय म्हणताय. मला काही झालेलं नाही.” “फोटो कशासाठी?” “काय माहीत. सोडा ना मला.” पाच मिनिटांनी विचारलं तर फोटोचंही आठवत नाही. या माणसाकडे आत्ता क्षमता नाही. त्याला जाऊ देणं म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखणं नव्हे, त्याला वाऱ्यावर सोडणं आहे. त्याला बसवून ठेवायचं, बोलत राहायचं, बायकोला फोन लावून द्यायचा, सिटी स्कॅन करून घ्यायचा प्रयत्न करायचा. हातपाय बांधणं किंवा गुंगीचं औषध देणं हा शेवटचा उपाय, आणि तोही लागेल तेवढाच आणि तेवढ्याच वेळापुरता. तासाभराने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे.

आता दुसरं उदाहरण, एका बाईचं. तशीच जखम, पण ती म्हणते, “कळतंय मला. आत रक्तस्राव असेल तर झोपेत जीव जाऊ शकतो. तरी मी थांबणार नाही.” तिच्यात क्षमता आहे. तिचा नकार मान्य करावा लागेल. पण मान्य करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: “घरी कोणती घाई आहे?” बहुतेकदा उत्तर डोक्याच्या जखमेशी संबंधित नसतंच. लहान मुलगी शेजारी ठेवलेली असते, सकाळची ड्यूटी असते, पैशाची धास्ती असते. मुलीची सोय झाली की ती बाई स्वतःहून स्कॅनला जाते. नकारामागचं कारण न विचारता ‘स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे’ या कागदावर सही घेणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

आणि ती निघालीच, तर रागाने नाही पाठवायचं. जखमेला टाके घालावेत, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं, कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं ते लिहून द्यावं आणि ‘मन बदललं तर कधीही या’ हे तोंडाने सांगावं. एका उपचाराला नाही म्हटलं म्हणजे सगळ्याच उपचारांना नाही म्हटलं, असं होत नाही.

रक्त देऊ नका, असं कार्ड बेशुद्ध पेशंटच्या खिशात सापडलं तर?

कॅनडातल्या ओंटारियोच्या अपील न्यायालयासमोर हाच प्रश्न होता. १९७९ मध्ये अपघातात जखमी झालेल्या एका स्त्रीच्या पर्समध्ये, धार्मिक श्रद्धेमुळे रक्त नको, असं सही केलेलं कार्ड होतं. डॉक्टरांनी तरीही रक्त दिलं आणि ती वाचली. १९९० मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि २०,००० डॉलरची भरपाई कायम ठेवली. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, जीवही वाचला होता. पण कार्ड खरं नाही असं मानायला त्यांच्याकडे कोणताही आधार नव्हता.

हा निकाल वाचून अनेक डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो, माझ्याही येतो, पण मला तो बरोबर वाटतो. जाणत्या माणसाने विचारपूर्वक दिलेला नकार तो बेशुद्ध झाला म्हणून बाद होत नाही. कार्डाबद्दल खरी शंका असेल, सही नसेल, माणूस दुसराच वाटत असेल, तर जीव वाचवण्याच्या बाजूने झुकावं. ‘मला पटत नाही’ ही शंका नव्हे.

लहान मुलांच्या बाबतीत गणित बदलतं. आईवडील स्वतःसाठी नकार देऊ शकतात. मुलाचा जीव जाईल असा नकार मुलाच्या वतीने देण्याचा अधिकार त्यांना नाही, अशीच भूमिका बहुतेक न्यायव्यवस्था घेतात. वेळ असेल तर न्यायालयात जावं, नसेल तर मूल वाचवावं.

‘मला जगवू नका’ असं पेशंटने आधीच लिहून ठेवलं असेल, पण कागदच समोर नसेल?

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या मायामीतली एक केस प्रसिद्ध झाली. सत्तर वर्षांचा एक पुरुष बेशुद्धावस्थेत आणला गेला, सोबत कुणीच नव्हतं. छातीवर ‘पुनरुज्जीवन करू नका’ असं गोंदवलेलं होतं, ‘नका’ या अर्थाच्या शब्दाखाली रेघ, आणि खाली सही. टीमने आधी ठरवलं की अनिश्चितता असताना परत न फिरता येणारा मार्ग धरायचा नाही. त्यांनी अँटिबायोटिक्स, रक्तदाब टिकवणारी औषधं आणि मास्कने श्वासाला आधार दिला. मग नीतिविषयक सल्लागारांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की हे गोंदण त्याची खरी इच्छाच दाखवतं असं मानणं वाजवी आहे. टीमने आपला आधीचा निर्णय बदलला. नंतर त्याचा अधिकृत कागदही सापडला, आणि त्या माणसाचा सीपीआर (थांबलेलं हृदय चालू करण्यासाठी छाती दाबणं) न करता शांतपणे मृत्यू झाला.

याच्या काही वर्षं आधी, २०१२ मध्ये, अगदी उलटी केस नोंदवली गेली होती. एका माणसाच्या छातीवर असंच गोंदण होतं, पण ते पोकरमध्ये पैज हरल्यामुळे काढलेलं होतं. त्याला सगळे उपचार हवे होते.

दोन्ही केस शेजारी ठेवल्या की मायामीच्या टीमचा क्रम किती योग्य होता ते कळतं. आधी वेळ मिळवला, त्या वेळात चौकशी केली, आणि उत्तर मिळाल्यावर सुरू केलेलं थांबवलं. ‘आता सुरू केलंय, थांबवता कसं येईल’ हा विचार मनातून काढून टाकायला हवा. जो उपचार सुरू न करणं योग्य ठरलं असतं, तो सुरू झाल्यावर थांबवणंही तितकंच योग्य आहे. मनाला ते जड जातं, हे खरं. पण थांबवायची मुभा नाही असं मानलं, तर शंका असलेल्या पेशंटवर उपचार सुरू करायलाच लोक कचरतील, आणि ते त्याहून वाईट.

एकदम खूप जखमी आले तर कुणाला आधी घ्यायचं?

रोजच्या दिवशी सगळ्यात गंभीर पेशंट आधी. ज्याला जास्त लागलंय त्याच्यावर आपली सगळी ताकद लावायची, कारण बाकीचे थोडे थांबू शकतात. मोठ्या दुर्घटनेत, म्हणजे जखमी जास्त आणि हात कमी असताना, हा नियम उलटतो. तेव्हा थोड्या वेळात आणि थोड्या साधनांत ज्याचा जीव वाचू शकतो तो आधी.

हुद्द्यापेक्षा जखम पाहायची, हा विचार नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक जाँ लारे याने रणांगणावर रुजवला. पुढे रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव याने क्रिमियाच्या युद्धात जखमींची गटवारी पद्धतशीरपणे केली. आज सगळ्यांच्या ओळखीची ‘स्टार्ट’ ही पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली. त्यात प्रत्येक जखमीला रंगाची पट्टी बांधतात: लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही. चालता येतं तो हिरवा. श्वसनमार्ग मोकळा करूनही श्वास नाही तो काळा. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, किंवा मनगटाला नाडी लागत नाही, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, तर लाल. उरलेला पिवळा. एका जखमीला मिनिटभरही द्यायचा नाही.

नियम कागदावर सोपा दिसतो. काळी पट्टी बांधणाऱ्याला तो सोपा नसतो. म्हणून दोन गोष्टी ठासून सांगतो. गटवारी करणाऱ्याने उपचार करायचे नाहीत. एका जखमीपाशी तो गुंतला की मागचे वीस जण कुणाच्याच नजरेखाली राहत नाहीत. श्वसनमार्ग मोकळा करणं आणि वाहतं रक्त दाबून थांबवणं, एवढंच त्याने करावं. आणि वाचण्याची आशा नाही म्हणून बाजूला ठेवलेल्या, अजून श्वास चालू असलेल्या जखमीजवळ कुणीतरी असलंच पाहिजे. वेदनाशामक, पांघरूण, हातात हात. साधनं आली, ॲम्ब्युलन्स वाढल्या, की त्याला पुन्हा तपासायचं. पट्टीचा रंग बदलू शकतो, बदलला पाहिजे. ही फेरतपासणी नसेल तर गटवारी अन्यायाची होते.

जखमींमध्ये हल्ला करणाराच असेल तर?

त्यालाही त्याच्या जखमेप्रमाणेच नंबर. १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा कराराने जखमी सैनिक कोणत्याही देशाचा असो, त्याची काळजी घ्यायची हे मान्य केलं. १९४९ च्या करारात तर स्पष्ट म्हटलंय की उपचारांचा क्रम केवळ तातडीच्या वैद्यकीय कारणांवरच ठरेल. युद्धात शत्रूला जे मिळतं ते आरोपीला नाकारायचं कारण नाही. न्यायनिवाडा न्यायालयाचं काम आहे, आणि त्यासाठीसुद्धा तो जिवंत राहायला हवा. सिस्टरच्या हाताला कंप सुटत असेल तर जागा बदलून द्यावी. उपचार बदलू नयेत.

माणसाची लायकी ठरवायला बसलं की काय होतं हे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटलला दिसलं. डायलिसिसची यंत्रं अगदी मोजकी होती आणि ती कुणाला द्यायची हे एक समिती ठरवायची. लग्न झालंय का, उत्पन्न किती, चर्चला जातो का, असल्या गोष्टी तोलल्या गेल्या. त्यावर एवढी टीका झाली की पुढचं बरंचसं वैद्यकीय नीतिशास्त्र त्या वादातून घडलं. प्रतिष्ठितांची शिफारस घेऊन येणाऱ्या पेशंटलाही हाच नियम लागू.

एकच व्हेंटिलेटर आणि दोन पेशंट. काय करायचं?

‘कुणाला?’ हे विचारण्याआधी ‘खरंच एकच आहे का?’ हे विचारा. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा रुग्णालयाकडे श्वासाची यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्यात नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास देण्याची पद्धत सुचवली. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. यंत्र तेवढंच राहिलं, हात वाढले. दुसऱ्या रुग्णालयात जागा, भूल द्यायचं यंत्र, हाताने दाबायची पिशवी, मास्कने ऑक्सिजन, हे सगळं संपल्याशिवाय निवडीच्या प्रश्नाला हात घालू नये.

खरोखरच निवड करावी लागली तर वाचण्याची शक्यता हा पहिला निकष. मार्च २०२० मध्ये कोविडच्या लाटेत इटलीतल्या भूल व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने, वेळ आलीच तर अतिदक्षता विभागात घेण्यासाठी वयाची मर्यादा ठरवावी लागू शकते, असं म्हटलं आणि जगभर वाद पेटला. माझ्या मते वयाचा आकडा हा आळशी निकष आहे. सत्तरीतला धडधाकट माणूस आणि पन्नाशीतला चार अवयव निकामी झालेला माणूस यांच्यात आकडा उलटंच सांगतो. दोघांची शक्यता सारखीच असेल तर चिठ्ठी टाकणं हे ओळखीपाळखीपेक्षा न्याय्य.

आणि हा निर्णय पेशंटच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरने एकट्याने घ्यायचा नाही. त्याने आपल्या पेशंटसाठी भांडावं. वाटप दुसऱ्या, वेगळ्या लोकांनी, आधी जाहीर केलेल्या नियमांनी करावं. व्हेंटिलेटर लावतानाच घरच्यांना सांगावं की ही ठरावीक काळाची चाचणी आहे, अमुक वेळेने पुन्हा पाहू. हे आधी सांगितलेलं असेल तर नंतरचं बोलणं फसवणुकीसारखं वाटत नाही.

सीपीआर कधी थांबवायचा?

सुधारता येण्याजोगी कारणं शोधून, हाताळून झाल्यावर, आणि टीमचं एकमत घेऊन. नुसतं घड्याळ पुरत नाही. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या एका स्त्रीच्या शरीराचं तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. तिला हळूहळू ऊब देत टीम तासन् तास झटली आणि ती वाचली. गारठलेला, बुडालेला, विषबाधा झालेला पेशंट असेल तर घाईने हात काढायचा नाही. एरवी, श्वासनलिकेत नळी घातलेल्या मोठ्या माणसात २० मिनिटांच्या चांगल्या सीपीआरनंतरही बाहेर येणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब १० मिमी पाऱ्याच्या खाली राहत असेल, तर शक्यता फारच थोडी उरते. पण त्या एका आकड्यावर निर्णय सोडू नये.

थांबवताना प्रमुखाने मोठ्याने म्हणावं, “आपण हे हे केलं. अजून काही सुचतंय का कुणाला?” आणि खरोखर थांबून उत्तराची वाट पाहावी. पाच-सहा सेकंदांची ती शांतता फार मोलाची असते. कधी कोपऱ्यातला ब्रदर म्हणतो, “सर, डाव्या छातीत हवा जात नाहीये.”

‘जगवणं’ म्हणजे काय, हाही प्रश्न इथेच येतो. ब्रिटनमधल्या २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या ८,०१४ पेशंटमध्ये ॲड्रेनालिन या हृदय पुन्हा सुरू करण्यासाठीच्या औषधाची तुलना निव्वळ सलाईनशी केली गेली. तीस दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के, म्हणजे औषधाने थोडे जास्त वाचले. पण वाचलेल्यांमध्ये मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात ३१ टक्के आणि दुसऱ्या गटात १७.८ टक्के होतं. या आकड्यांचा अर्थ प्रत्येकाला वेगळा वाटेल, आणि तसा वाटण्याचा हक्क पेशंटचा आहे. म्हणून ही चर्चा दुर्धर आजार असलेल्यांशी हृदय थांबण्याआधी, निवांत व्हायला हवी.

घरच्यांना दाखवण्यापुरता, मनापासून न केलेला सीपीआर कधीही करू नये. ते घरच्यांशी खोटं बोलणं आहे, तेही एका मरत्या माणसाच्या छातीवर.

सीपीआर चालू असताना नातेवाईकांना आत येऊ द्यावं का?

विचारावं, आग्रह करू नये. फ्रान्समध्ये घरीच हृदय थांबलेल्या पेशंटच्या ५७० नातेवाइकांवर अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळ थांबण्याबद्दल पद्धतशीरपणे विचारलं गेलं, त्यांच्यात तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं कमी दिसली. टीमच्या कामात अडथळा आला नाही, तिचा ताणही वाढला नाही. अट एकच: त्यांच्याजवळ उभं राहून काय चाललंय ते हळू आवाजात सांगणारा एक माणूस हवा, आणि त्या माणसाला दुसरं काम नसावं.

मृत्यूची बातमी कशी सांगायची?

बसून. नाव विचारून, नातं विचारून. आणि ‘मृत्यू झाला’ हे शब्द वापरून. “आम्ही खूप प्रयत्न केले, पण ते रिस्पॉन्स देत नाहीत” असं म्हटलं की मुलगी विचारते, “मग आता कुठे हलवणार त्यांना?” मग तेच पुन्हा, जास्त क्रूरपणे सांगावं लागतं. “तुमच्या वडिलांचं हृदय इथे येण्याआधीच थांबलं होतं. आम्ही ते पुन्हा सुरू करू शकलो नाही. त्यांचा मृत्यू झाला आहे.” मग गप्प बसायचं. उठून जायचं नाही.

पैसे नाहीत, किंवा पोलीस केस आहे, म्हणून उपचार थांबवता येतात का?

नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तपासणी आणि प्रकृती स्थिर करणं पैशांवर अवलंबून ठेवता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, पोलिसांचे सोपस्कार नंतर. पोलिसांना जबाब हवा असेल तर पेशंट बोलण्याच्या स्थितीत आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील.

तातडीच्या पेशंटवर संशोधन करणं योग्य आहे का?

काटेकोर अटींवर, हो. न करणंही अनैतिकच ठरेल, कारण मग वर्षानुवर्षं अंदाजाने औषधं दिली जातात. २०१० मध्ये ४० देशांतल्या २०,२११ जखमींवरच्या चाचणीने दाखवलं की ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या स्वस्त औषधाने मृत्यू कमी होतात. पुढच्या विश्लेषणात कळलं की ते पहिल्या तीन तासांत द्यायला हवं, उशीर झाला तर उलट नुकसान होऊ शकतं. हे कुणीही नुसत्या तर्काने सांगू शकलं नसतं. अटी अशा: कोणता उपचार चांगला याबद्दल खरी अनिश्चितता असावी, शुद्धीतल्या पेशंटवर हा अभ्यास करता येण्यासारखा नसावा, स्वतंत्र समितीची परवानगी असावी, आणि पेशंट किंवा घरचे भेटताच त्यांना सांगून पुढची संमती घ्यावी. अमेरिकेच्या १९९६ च्या नियमांत तर आधी त्या समाजाशी चर्चा करण्याचीही अट आहे.

नुकत्याच मृत झालेल्या पेशंटवर श्वासनलिकेत नळी घालायचा सराव करावा का?

घरच्यांच्या परवानगीशिवाय नाही. सरावासाठीचे पुतळे आहेत, प्रशिक्षण आहे. विचारलं तर काही कुटुंबं होकार देतातही.

वरिष्ठांचा निर्णय पटला नाही तर ज्युनियरने काय करावं?

बोलावं, आणि वेळेत बोलावं. आधी चिंता सांगायची: “सर, मला या पेशंटच्या बीपीची काळजी वाटते.” ऐकलं गेलं नाही तर स्पष्ट: “सर, हे सुरक्षित नाही असं मला वाटतं, आपण एक मिनिट थांबूया.” तरीही नाही, तर दुसऱ्या वरिष्ठाला फोन. धोका नसलेला मतभेद असेल तर पेशंट स्थिर झाल्यावर, बंद खोलीत बोलावं. रात्री तीन वाजता नीतिसमिती भरत नाही, म्हणून फोनवर सल्ला देणारा एक वरिष्ठ प्रत्येक पाळीला ठरलेला असावा आणि त्याचा नंबर सिस्टरच्या टेबलावर, क्रॅश कार्टशेजारी (तातडीच्या औषधांच्या आणि साधनांच्या गाडीशेजारी) चिकटवलेला असावा. फोन करणाऱ्याला त्याबद्दल नंतर कुणी बोल लावत नाही, एवढं विभागप्रमुखाने बघितलं, तर तो फोन वेळेवर येतो.